हसण्याची रेघ

जेवणं झाली, ताटं उचलली गेली, तरी भाऊ टेबलाच्या टोकाला काचेची वाटी पुढ्यात घेऊन बसूनच राहिला. वाटीत पाणी होतं, पाण्यात काहीतरी होतं, आणि वाटीवर त्याने घडी घातलेला रुमाल टाकला होता. कवळ्या करणाऱ्यांच्या घरात रुमालाखालच्या वाटीत काय असणार हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. पण सगळ्यांनी न ओळखल्यासारखं केलं. न ओळखल्यासारखं करण्याचा सराव या घराला गेल्या हिवाळ्यापासून चांगलाच झाला होता.

हिवाळ्यातल्या एका सकाळी थोरलीच्या, म्हणजे भावाच्या मोठ्या बहिणीच्या, तोंडावरून वारं गेलं. चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं म्हणून तिने आरशात पाहिलं, तर डावा गाल ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. हातपाय शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर शाबूतच. फक्त चेहऱ्याचा डावा अर्धा भाग कामावर येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, वाट बघा. हिवाळा गेला, उन्हाळाही गेला, तो काही आला नाही. थोरली मात्र त्याची वाट न बघता दुसऱ्याच आठवड्यात खाली कारखान्यात जाऊन पुढच्या खुर्चीवर बसली होती.

आजचा सगळा खटाटोप त्या खुर्चीपायी होता.

कारखाना म्हणजे घराच्या खालच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत प्लॅस्टर, भट्टी आणि पॉलिशचं चाक. पुढच्या खोलीत रस्त्याकडची मोठी खिडकी, आणि खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक, दुसरीवर माप घेणारं माणूस. वडिलांनी घालून दिलेला नियम असा, की मेणाची पट्टी हिरडीवर बसवली की गिऱ्हाइकाला हसवायचं. खरंखुरं, पोट धरून. वरचा ओठ जिथवर चढेल तिथे मेणावर सुरीने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून दातांची लांबी ठरवायची. ‘हसा बघू’ म्हटलं की माणूस फोटोपुरतं हसतो, ओठ अर्ध्यातच थांबतो, आणि मग ती कवळी जन्मभर फोटोपुरतीच हसत राहते. वडिलांना हे सगळं कळत होतं, पण गडी असा की विनोद सांगायला लागला की समोरचा माणूस सांत्वनाचे शब्द शोधायला लागे. म्हणून त्यांनी खुर्चीवर थोरलीला बसवलं. तिची जीभ लग्नाच्या बाजारात तोट्याची ठरली होती, ती या खुर्चीवर नफ्यात आली.

“ताई, मी तुला एकच विचारते,” धाकटी म्हणाली. ही दुसऱ्या शहरात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. निवृत्ती जवळ आली तशी सुखावरच्या व्याख्यानांना जायला लागली होती, आणि आज खास या बैठकीसाठी सकाळच्या गाडीने आली होती. “तुला आता काय हवंय?”

“आत्ता? दात कोरायची काडी.”

“तुझे वरचे दात खोटे आहेत, ताई.”

“अडकतं ते खरंच असतं.”

भाऊ हसला, आणि लगेच चूक केल्यासारखा वाटीकडे बघू लागला. धाकटीने खुर्ची पुढे ओढली. वर्गाकडे बघावं तशी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“मी गंमत करत नाहीये. माणसाने राब राब राबायचं ते शेवटी कशासाठी? सुखासाठी. ते बाहेर शोधून मिळत नाही. आमच्याकडे सांगतात, रोज सकाळी उठून तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. मी रोज आठवते. किती फरक पडलाय मला.”

“आज कोणत्या आठवल्यास?”

“तू. भाऊ.” धाकटी अडखळली. “आणि तब्येत.”

इथे वहिनी काहीतरी बोलणार असं सगळ्यांनाच वाटलं. भावाची ही बायको या घरात आली तेव्हापासून धाकटीच्या यादीत तिचा नंबर तब्येतीच्याही खाली होता, आणि हिवाळ्याआधीची वहिनी असती तर ते तिने तिथल्या तिथे वसूल केलं असतं. पण ती ओटा पुसत राहिली. “वन्सं, तुम्हाला उशी देऊ का पाठीला?” एवढंच म्हणाली.

“नको,” थोरली म्हणाली.

“देते ना. कडक आहे ती खुर्ची.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तिचा उजवा डोळा बारीक झाला, डावा तसाच उघडा राहिला. वहिनी वयाने लहान असूनही थोरली तिला वहिनीच म्हणायची. त्यात मान किती आणि खोच किती हे ज्याचं त्याने काढावं. दोघींचं भांडण हे या घराचं घड्याळ होतं. भाजीत मीठ किती, खिडकी उघडी का, पॉलिशच्या चाकावर कोणाचा हात जड. भावाने लग्नानंतरची सगळी वर्षं या दोन आवाजांच्या मधे काढली होती आणि त्याला ते पंख्याच्या घरघरीसारखं सवयीचं झालं होतं. हिवाळ्यापासून ती घरघर बंद होती. भावाला वाटत होतं, चला, निदान एक तरी बरं झालं.

“मी मुद्द्याचं बोलू का?” चिरंजीव म्हणाले. भावाचा हा मुलगा बापापेक्षा उंच, आत्यापेक्षा घाईचा, आणि नव्या मशीनचे हप्ते भरण्यात दोघांनाही मागे टाकणारा. “चार वाजता डॉक्टरीणबाई येणार आहेत. समोरचं क्लिनिक त्यांचं. जमलं तर त्यांच्याकडच्या सगळ्या कवळ्या आपल्याकडे येतील, पेशंट मापाला इथे येतील. त्यांना जागा बघायचीये, माणसं बघायचीयेत. आत्या, प्रश्न तुझ्या कामाचा नाही. मेणावर दात रचावेत तर तू. तू आत बस. पुढे मी बसतो.”

“आणि हसवणार कोण?”

“आता मशीन आहे. तोंडात फिरवलं की माप स्क्रीनवर.”

“हसण्याचंही?”

“ते मागून जुळवता येतं.”

“मागून जुळवतात ते हसणं नव्हे. ते लग्न.”

“बघ,” चिरंजीव बापाकडे वळून म्हणाले, “हे असं. काही बोलायला गेलं की असं.” मग आवाज खाली आणून, “आत्या, त्या दिवशी ती बाई आली होती. मुलीचा हात धरून. पायरीवरून तुला खिडकीतून बघितलं आणि तशीच परत गेली. मी तुला सांगितलं नव्हतं.”

“मला दिसलं होतं की. डावा डोळा मिटत नाही माझा. सगळं बघतो मेला.”

थोरलीने नखाने टेबलावरचा चुन्याचा ठिपका खरवडला.

“ती गेली. तिच्यानंतर आलेले कोण कोण थांबले ते नाही तुला सांगावंसं वाटलं? दात काढलेली माणसं इथे तोंडावर हात धरून येतात. पूर्वी तो हात खाली आणायला मला घटका घटका लागायची. आता माझ्याकडे बघतात आणि आपण होऊन हात खाली घेतात. म्हणतात, हिच्यापुढे कसली लाज.”

हे खरं होतं, आणि ते भावाला माहीत होतं. आतल्या खोलीतून त्याला खिडकीपाशी काय चाललंय ते ऐकू येई. पण त्याला हेही माहीत होतं, की रात्री ताई आरशावर टॉवेल टाकून झोपते. आई गेल्यावर या बहिणीने त्याला भरवलं, शाळेत पोचवलं, सुरी धरायला शिकवली. तिच्यासाठी आपण काय केलं, असं तो मनात मांडायला बसला की त्याची बाजू कोरी निघायची. म्हणून त्याने गेले कित्येक दिवस सगळे वर गेल्यावर आतलं दार लावून हे काम केलं होतं.

त्याने रुमाल उचलला.

“ताई, हे मी तुझ्यासाठी केलंय. रागावू नकोस.”

वाटीत वरची कवळी होती. दात थोरलीच्या जुन्या कवळीसारखेच, पण डाव्या बाजूला हिरडीच्या वर एक गुळगुळीत, गुलाबी फुगवटा. कवळी तोंडात गेली की हा फुगवटा आतून गालाला टेकू देणार. असं काम भावाने यापूर्वी एकदाही केलं नव्हतं. ते किती नाजूक उतरलं होतं हे थोरलीला पाहताक्षणी कळलं, कारण तिने कवळी उचलून उजेडात धरली आणि अंगठा त्या फुगवट्यावरून दोनदा फिरवला.

“पॉलिश कोणी केलं?”

“हिने,” भाऊ वहिनीकडे बघून म्हणाला.

थोरलीने पाठ फिरवली, जुनी कवळी काढली, नवी बसवली आणि पुन्हा तोंड फिरवलं.

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. चिरंजीवांनी श्वास सोडला. डावा गाल उचलला गेला होता, ओठाचा कोपरा सरळ रेषेत आला होता. हिवाळ्याआधीची थोरली तिथे बसली होती, किंबहुना त्याच्याही बरीच आधीची. भावाच्या मनात आलं, आता चार वाजले तरी चालतील. पुढची खुर्चीही हिचीच राहू दे, वाद मिटला.

एकट्या वहिनीला बरं वाटलं नाही. का ते तिला सांगता आलं नसतं. पॉलिश करताना तो फुगवटा तिच्या बोटांना आवडला होता. पण आता समोर तो चेहरा आल्यावर तिला वाटलं, भिंतीवरचा फोटो खुर्चीवर आणून ठेवलाय. सरळ आहे, सुबक आहे, आणि तो आपल्याला कधीही काही बोलणार नाही.

“कसं वाटतंय, ताई?”

थोरलीने बोलायचा प्रयत्न केला. तोंडात गरम घास असावा तसे शब्द गोल गोल फिरून बाहेर आले. तिने थांबून पुन्हा सावकाश उच्चार केले. “रेघ कुठून घेतलीस?”

“जुन्या साच्यावरून. वर माळ्यावर होता. वडिलांनी तुझी पहिली कवळी केली तेव्हाचा. रेघ अजून स्पष्ट आहे त्यावर.” भावाचा चेहरा उजळला. “आठवतं ना, तुला तेव्हा मीच हसवलं होतं. टेबलाखालून वडिलांची नक्कल करून.”

थोरली हसायला गेली की काय कोण जाणे. तिचा उजवा गाल हलला, डावा त्या टेकूवर अडून राहिला, आणि कवळी खाली सटकून खालच्या दातांवर टक्क आपटली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तिने कवळी काढली, वाटीत ठेवली, जुनी बसवली, आणि टेबलावर दोन्ही तळहात ठेवले.

“भाऊ, या घरात माप न घेता आजवर किती कवळ्या झाल्या?”

“ताई, अगं.”

“परक्या माणसाची सांग. रस्त्यावरून आलेल्या कुणाची. माप न घेता, न हसवता, जुन्या साच्यावरून केलीस कधी?”

“नाही.”

“मग मीच एवढी परकी कशी झाले?”

भाऊ वाटीकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साच्यावरचं माप बिनचूक होतं, काम बिनचूक होतं, आणि मुळात ज्या तोंडाचं ते होतं ते तोंड आता नव्हतंच. पोरवयापासून हे काम केलेल्या माणसाला हे सुचू नये? सुचलं नव्हतं असं नाही. माप घ्यायला तिच्या समोर बसावं लागलं असतं, तोंड उघड म्हणावं लागलं असतं, त्या गालाला हात लावावा लागला असता.

“त्याने मायेने केलंय,” धाकटी म्हणाली. “तू प्रत्येक गोष्टीचं असं भांडण करतेस. चल माझ्याकडे. मागे छोटी बाग आहे, उन्हात बसशील, वाचशील. तुला शांतता हवीये, ताई.”

“शांतताच तर मिळतेय हिवाळ्यापासून. पोटभर.” थोरलीचा आवाज चढला नाही. निसटणारी अक्षरं ती ओठ चिमटून पुन्हा पकडत होती, त्यामुळे प्रत्येक शब्द वजन करून दिल्यासारखा येत होता. “घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. हा पोरगा माझ्यासमोर शिवी देत नाही. भाऊ मला विचारून पंखा लावतो. ते मी चालवून घेतलं. पण या,” तिने वहिनीकडे बोट केलं, “या मला उशी देतात. हिवाळ्यात अंथरुणातून उठल्यावर पहिल्या दिवशी मी यांना म्हटलं, डाळ करपलीये. तर म्हणाल्या, हो वन्सं, चुकलंच माझं. त्या दिवशी कळलं मला, मी केवढी आजारी आहे. डॉक्टर नुसतं तोंडाचं सांगत होता.”

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं.

“करपली नव्हती ती,” वहिनी म्हणाली.

“माहितीये मला.”

“मग म्हणालात कशाला?”

“तुम्ही काय म्हणता ते बघायला.”

चिरंजीव घड्याळाकडे बघत होते. “आत्या, हे सगळं नंतर बोलू. त्या येतील आता. तू ही कवळी आजच्या दिवस लाव, नुसती बस, बोलू नकोस.”

“बोलू नकोस,” थोरली म्हणाली. “वा.” ती उठली. “मला बरं करायचा मक्ता तुम्हाला कोणी दिलेला नाही. आणि सुखाचं म्हणशील, धाकटे, तर मी त्या खुर्चीवर बसते, समोर एक बोळकं येतं, जगावर रुसलेलं, आणि मी त्याला हसवून दाखवते. ते हसलं की तेवढ्यापुरतं मला माझं तोंड कसंय याची आठवण राहत नाही. यापेक्षा मोठं काही तुझ्या व्याख्यानात असेल तर सांग, मी येते बागेत बसायला.”

धाकटीने तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते व्याख्यानातलं होतं, आणि ते तिलाही ऐकू आलं असावं. तिने तोंड मिटलं.

“कवळी मला हवी आहे,” थोरली भावाला म्हणाली. “गाल चावला जातो माझा, टेकू चांगला केलायस तू. पण रीतसर माप घेऊन कर. चला खाली.”

ती जिना उतरून गेलीसुद्धा. आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

मग या घराच्या इतिहासातला सगळ्यात रडका तास सुरू झाला. भावाने मेण गरम करून पट्टी तिच्या हिरडीवर बसवली. गालाला हात लावताना त्याने बोटं मागे घेतली नाहीत. मग सुरी हातात घेऊन तो समोर बसला आणि वडिलांची नक्कल करू लागला. पण आता त्याचं स्वतःचंच तोंड वडिलांसारखं झालं होतं, त्यामुळे नक्कल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कोणाला कळलं नाही. थोरली मेण तोंडात धरून बघत राहिली. चिरंजीवांनी बँकेतल्या साहेबाचा किस्सा सांगितला, त्यात साहेबापेक्षा हप्तेच जास्त होते. धाकटीने शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट बोधाकडे निघाली आहे हे पहिल्याच वाक्यात दिसलं, आणि ती न चुकता तिथे पोचली.

वहिनी दाराशी उभी होती. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. तिला राग येत होता. हिवाळ्यापासून तिने तोंडाला कुलूप घातलं होतं, किती जड गेलं होतं ते, रोज किती उत्तरं गिळली होती, आणि ही बाई सगळ्यांसमोर म्हणते की त्याच्यामुळे मी आजारी पडले. म्हणजे चांगुलपणाचंही माप आमच्याच पदरी उणं.

“वन्सं,” ती म्हणाली, “एक सांगू? मी या घरात आले त्या दिवसापासून देवाला म्हणत आलेय, बाबा रे, या बाईचं तोंड एकदा बंद कर. इतकी वर्षं ऐकलं नाही. शेवटी ऐकलं, तर मेल्याने काम अर्धवट केलं. अर्धंच बंद केलं. आणि तेही न बोलणारं.”

धाकटीने हात तोंडावर नेला.

थोरलीच्या नाकातून आधी एक फुर्र निघाली. मग खांदे हलले. मग उजवा गाल वर चढत गेला, डोळ्यापर्यंत, ओठाचा उजवा कोपरा कानाकडे पळाला आणि डावा होता तिथेच लोंबत राहिला, आणि त्या तिरक्या फटीतून असं काही हसू बाहेर आलं की खिडकीच्या काचा वाजल्या. मिटत नसलेल्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

“रेघ,” ती मेणातून ओरडली. “अरे रेघ ओढ.”

भावाने सुरी टेकवली आणि ओढली. रेघ उजवीकडे वर, डावीकडे खाली, उतारासारखी.

“ही तिरकी आलीये,” चिरंजीव वाकून बघत म्हणाले. “यावर दात लावले तर दातही तिरके दिसतील.”

“तिरक्या तोंडात सरळ दात लावलेस तर ते शेजारणीचे दिसतील,” वहिनी म्हणाली. “आधी तोंड बघ ना, मशीनकडे काय बघतोस.”

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात आल्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या, नीटस, हातात फाईल. त्यांना दिसलं ते असं: खुर्चीवर एक बाई, तोंडात मेण, अर्धा चेहरा हसतोय, अर्धा नाही, डोळ्यातून पाणी, समोर एक गृहस्थ सुरी घेऊन, आणि दाराशी दुसरी बाई हसून हसून चौकटीला धरून उभी.

“मी लवकर आले का?” त्यांनी विचारलं.

चिरंजीव पुढे झाले. त्यांनी आतली भट्टी दाखवली, मशीन दाखवलं, स्क्रीनवर जबडा फिरवून दाखवला. डॉक्टरीणबाई जाणकारीने सगळं बघत होत्या, नेमके प्रश्न विचारत होत्या. आत ठेवलेल्या जुन्या कामांतल्या दोन कवळ्या उचलून म्हणाल्या, फार सुरेख. मग पुढच्या खोलीत येऊन हळूच म्हणाल्या, “एक विचारते, गैरसमज करून घेऊ नका. माझे पेशंट आधीच धास्तावलेले असतात. दात गेले म्हणजे आपलं सगळं संपलं असं त्यांना वाटत असतं. इथे आल्यावर त्यांना पहिल्यांदा कोण भेटणार?”

प्रश्न चुकीचा नव्हता. चिरंजीवांनी स्वतःच तो हिवाळ्यापासून मनात घोळवला होता, आणि त्याचं उत्तरही त्यांच्याजवळ तयार होतं. मी, एवढंच म्हणायचं होतं. आत्याने काही मदत केली नाही. ती तोंडातलं मेण काढून, ओठ पुसत, त्यांच्याकडे बघत होती. विनवणी नाही, धाक नाही. रस्त्यावरच्या माणसाकडे बघावं तसं.

चिरंजीवांनी मशीनच्या पुढच्या हप्त्याचा विचार केला. तो पुरा करून मगच ते बोलले, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

“आत्या,” ते म्हणाले. “पुढे आत्याच बसते.”

“नेहमीसाठी?”

“नेहमीसाठी.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. विचार करून कळवते म्हणाल्या, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून गेल्या. खिडकीतून त्यांची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

“नाही कळवणार,” चिरंजीव म्हणाले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर धपकन बसले, कारण थोरली तोवर उठून आपल्या खुर्चीवर गेली होती.

“नाही कळवलं तर नाही,” थोरली म्हणाली. “इथून चालत येणारे आहेत ते येतील. आणि तू तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या मशीनला मी कुठे नको म्हटलंय? तू जबड्याचं माप घे, रेघ माझी. हप्ते दोघं मिळून फेडू.”

धाकटीने पर्समधून रुमाल काढून डोळे टिपले. मग तिने तोच रुमाल थोरलीच्या वाहत्या डाव्या डोळ्याशी धरला, आणि थोरलीने तो धरू दिला.

“पण ताई, खरं सांग. तू सुखात आहेस ना?”

“ते मला विचारू नकोस, मला सांगता येत नाही. उद्या सकाळी पहिलं कोण आहे ते विचार.”

“कोण आहे?” भावाने चिरंजीवांना विचारलं.

“ते रिटायर झालेले पोस्टमन. बायको गेली, पाठोपाठ दात गेले. कोणाशी बोलत नाहीत म्हणे. त्यांच्या मुलीने नाव लिहून ठेवलंय.”

“पोस्टमन,” थोरली म्हणाली आणि उजव्या बाजूने ओठ चावत विचारात पडली. मग चिरंजीवांना उठवून तिने दाराशी उभ्या वहिनीला हाक मारली. “वहिनी, इकडे या. बसा. एक पोस्टमन असतो. तो आयुष्यभर लोकांची पत्रं वाटतो, आणि शेवटी एकदाचं त्याच्या नावाने पत्र येतं.”

“मग?”

“मग पत्ता बघून तो म्हणतो, आज नाही, उद्याच्या फेरीत देतो.”

वहिनी समोर बसून तिच्याकडे बघत राहिली. हाताची घडी, चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

“नाही जमला,” ती म्हणाली.

थोरलीने खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा विनोद काढला.